वाफ्याच्या कोपऱ्यातली गोंडेवाली

वडगाव रासाई, ता. शिरूर
२१ नोव्हेंबर २०२४

चि. प्रगतीला आबाचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली कळव. माझी बहीण, तुझी आजी, सगुणाआक्का हिचा गुडघा आता जिना चढू देतो का, का अजून ती खालच्याच खोलीत देव मांडून बसलीय? तुझ्या आईचं डोकं दुखायचं थांबलं का? सारिका चष्मा लावायला लाजती. तिला सांग, मामा म्हणतो, चष्म्यानं माणूस म्हातारं दिसत न्हाई, ठेचकाळून पडल्यावर दिसतं. जावईबापूंची शुगर कशी हाय? दिवाळीत त्यांनी आमच्याकडं किती अनारसे खाल्ले ते मी सारिकेला बोललेलो न्हाई. रुद्रची परीक्षा झाली का? आन् तू जेवतेस ना? दिवाळीला आलीस तवा गळपटल्यासारखी दिसत होतीस. इकडं चांगुणाआजी ठणठणीत हाय. मी पण बरा, फक्त कान तेवढे गेले. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आन् उरलेलं निम्मं मी मनानं रचतो. म्हणून हे पत्र. तूपण कागदावरच लिही.

तू मागितलेली माती दुधाच्या गाडीबरोबर केडगावला धाडली हाय. दिवाळीत तू रोपांच्या वाफ्याच्या कोपऱ्यातून ओंजळभर माती उकरून नेलीस, तवा मला हसू आलं. असं मातीपरीक्षण असतं व्हय? या खेपेला मी रीतसर केलंय. सगळ्या रानात नागमोडी चालत जागोजाग खड्डे घेतले. सगळी माती घमेल्यात एक केली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा तसंच केलं. मग पत्र्यावर खडखडीत वाळवली आन् आजीच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. त्या चाळणीपायी घरात बोलणं बंद हाय.

रिपोर्ट आला की कांद्याला युरिया किती टाकू ते लिही.

तुझा,
आबा (भिमाजी)


केडगाव, ता. दौंड
३ डिसेंबर २०२४

ती. आबांना वाकून नमस्कार.

आजी जिना चढते, पण उतरताना मला हाक मारते. आईनं चष्मा केला. बाबांच्या शुगरवरून अनारशांचं बिंग आपोआपच उघडं पडलं. रुद्रचा पेपर बरा गेला, असं तो म्हणतो.

आबा, तुमची माती इतकी मऊ होती की मला तिची भाकरी थापावीशी वाटली. पण मी मातीपरीक्षण करत नाही. मी मातीत राहणारे सूत्रकृमी बघते. दोऱ्याच्या तुकड्यासारखे असतात, अर्ध्या मिलिमीटरचे, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. दिवाळीत नेलेल्या मातीतून चार असे निघाले की त्यांच्या तोंडाभोवती गोंड्यासारखी झालर आहे. तसली झालर मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. आमच्या प्रयोगशाळेतले सर म्हणतात, ही नवी जात असू शकते. नवी म्हणजे जगात अजून कुणीच नोंदवलेली नाही अशी!

अडचण एवढीच की चारही माद्या आहेत. हिच्या जवळची एक जुनी जात आहे. ही तिच्यापासून वेगळी, हे दाखवायला नराची शेपटी बघावी लागते. त्यासाठी मला त्याच कोपऱ्यातली माती हवी. ओली, न वाळवलेली, न चाळलेली, दुसऱ्या कशातही न मिसळलेली. तुमच्या पिशवीत नेहमीचेच निघाले, आणि ते कुठल्या खड्ड्यातले हे कुणालाच सांगता येणार नाही.

मार्चअखेर माझी फेलोशिप संपते आणि सूक्ष्मदर्शकाचं टेबल दुसऱ्याला जातं. तोवर नर मिळाला नाही तर या चौघी बिननावाच्या बाटलीत पडून राहतील, आणि माझी दोन वर्षंही.

पण तुमच्या रानात सूत्रकृमी सापडला, आबा! मला आनंदानं जेवण सुचत नाही.

तुमची,
प्रगती


वडगाव रासाई
८ डिसेंबर २०२४

चि. प्रगती, खुशाली नंतर विचारतो. आधी हे.

तुझं पत्र वाचलं आन् मी खाटेवर बसलो ते उठलोच न्हाई. आमच्या रानात सूत्रकृमी, आन् तुला आनंद? अगं, शेजारच्या कोंडिबानं त्याची डाळिंबाची बाग उपटली, ती कशानं? मुळ्यांवर हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या व्हत्या. कृषी खात्याचा माणूस म्हणला, सूत्रकृमी. त्या दिवसापासून कोंडिबाच्या बांधावरनं कुणी चप्पल घालून येत न्हाई. आन् माझ्या वाफ्यातनं तर निम्मं गाव मिरची-वांग्याची रोपं नेतं. ही गोष्ट बाहेर फुटली तर माझ्या रोपाला कोण हात लावील? चांगुणा म्हणाली, "पोरीला बोलून उपयोग न्हाई. आधी बंदोबस्त करा."

तर बंदोबस्त केला. त्या कोपऱ्यात निंबोळी पेंड मिसळली. कडेनं झेंडू लावला. वरनं प्लॅस्टिक अंथरून चारी बाजूंनी माती दाबली, म्हंजी आत गुदमरून मरतील. तुला नर सापडत न्हाई म्हणतेस, ते एका परीनं बरंच की. वंश वाढायचा न्हाई. पण मला एक कळंना, नर न्हाईत तर या चौघी आल्या कुठनं?

आणखी एक केलं. म्हाळू, आपल्या चांगुणेचा भाचा, दरसाल मेंढरं बसवायला येतो. लेंडी-मुताचं खत रानाला मिळतं. यंदा त्याला बांधावरनंच परत लावला. म्हणलं, उगा मेंढरांच्या खुरातनं रोग गावभर जायचा. कारण सांगता येईना, तर तो रुसून नदीपल्याड गेला.

तू कुणाला बोलू नको. कोंडिबा विचारत होता, "भिमाजी, प्लॅस्टिक कशाला रं?" मी म्हणलं, कलिंगड लावतोय. आता मला कलिंगड लावावं लागणार.

माती धाडलेली न्हाई. त्यात काय राहिलं असंल?

आबा


केडगाव
१४ डिसेंबर २०२४

ती. आबा,

प्लॅस्टिक काढा. पत्र पुढं वाचायच्या आधी काढा.

चूक माझी. मी नीट लिहायला हवं होतं. सूत्रकृमी ही एक जात नाही, त्यांच्या हजारो जाती आहेत. कोंडिबाबांच्या डाळिंबात होते त्यांच्या तोंडात सुई असते. ती मुळात टोचून ते रस ओढतात. हिच्या तोंडात सुईच नाही. ही शेणातले, कुजक्यातले जिवाणू खाते आणि आपल्या वाटेनं जाते. तुमच्या मिरचीला हिच्यापासून काहीही धोका नाही. आणि या चौघी कुठून आल्या म्हणाल, तर यांच्यातल्या कित्येकजणी नराशिवायच पिल्लं घालतात. म्हणून तर नर इतका दुर्मीळ.

तुम्ही म्हाळूमामांचं लिहिलंत आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या कोपऱ्यात गेल्या वर्षी मेंढरं बसली होती का? मी नेलेल्या मातीत लेंड्यांचा भुगा होता. तसं असेल तर म्हाळूमामांकडं गेल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांचा मुक्काम सध्या कुठं आहे, तिथं दिवसा कोण कोण असतं, मी कधी गेले तर चालेल, एवढं लगेच कळवा. आईला तूर्त काही बोलू नका, ती आधीच वैतागलेली आहे. माझं पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

प्रगती


वडगाव रासाई
१८ डिसेंबर २०२४

चि. प्रगती, सुखी रहा.

तुझं पत्र चांगुणेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "थांबा. मागची चार वाक्यं पुन्हा वाचा." पुन्हा वाचली. मग ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "अहो, तुम्हाला कानानं ऐकू येत न्हाई, आन् डोळ्यांनी वाचलेलं पण कळत न्हाई. पोरगी किड्याला पुढं करून शंभूची चौकशी करतीय."

खरंच की. म्हाळूचा थोरला शंभू. आयटीआय झालाय, सणसवाडीला कंपनीत मशिनीवर असतो, तिथंच खोली घेऊन राहतो. सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई. मामाचा पोरगा म्हंजी घरातलाच. तुला सरळ विचारायला लाज वाटली असंल, त्यात काय एवढं.

म्हाळूचा वाडा, म्हंजी मेंढरांचा तळ, तुमच्या केडगावच्याच अलीकडं हाय, ऊस तुटलेल्या काळ्या रानात. तू रविवारी जा. शंभूला सुट्टी असती. मी निरोप धाडलाय. ड्रेसवर गेलीस तरी चालंल, पण केस नीट बांध. सारिकेला एक अक्षर बोललो न्हाई.

हां, त्या कोपऱ्यात मेंढरं बसली व्हती, हे खरं. प्लॅस्टिकचं म्हणशील तर ते एवढ्यात निघायचं न्हाई. कोंडिबा रोज बांधावर उभा राहून कलिंगडाची चौकशी करतो. ते सुईचं तू मला सांगितलंस, मला पटलं. पण गावाला तोंड उघडून दाखवायला मी किडा कुठनं आणू?

आबा


केडगाव
६ जानेवारी २०२५

ती. आबा आणि आजी,

मी मेंढरांच्या लेंड्या गोळा करायला गेले होते. हे मी आधी लिहिते, कारण तिथं कुणालाच ते खरं वाटलं नाही.

वाड्यावर पोचले तर शंभू कडक इस्त्रीचा शर्ट घालून मेंढरांत उभा. म्हाळूमामांनी मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीजवळ घोंगडं अंथरलेलं, मामींनी पोहे केलेले. मी खुरपं आणि पिशव्या काढल्या तर मामी म्हणाल्या, "अगं बाई, आतापासनंच कामाला लागली!" शंभूनं माझ्या हातातलं खुरपं घेतलं, बाजूला जाऊन खड्डा काढायला लागला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "ताई, राग मानू नका, माझं कंपनीतल्या एका पोरीशी जमलंय. घरी एवढ्यात सांगू नका." मी म्हटलं, "दादा, मला नर हवाय, पण अर्ध्या मिलिमीटरचा." आम्ही दोघं हसलो. मामींनी ते लांबून पाहिलं आणि बहुतेक आईला फोन केला. आई माझ्याशी दोन दिवस फक्त ताटली आदळून बोलली. शंभूचं तुम्ही कुणाला सांगू नका. आजी, तुम्हीसुद्धा.

आता खरं सांगते. त्या मातीत गोंडेवाली एकही नाही. मी सगळ्या पिशव्या पाण्यात उतरवल्या, थेंब थेंब पाहिला. दुसरे सूत्रकृमी ढिगानं आहेत, ती नाही. म्हणजे नुसत्या मेंढरांनी भागत नाही. केडगावची माती काळी, भारी. तुमची नदीकाठची, वाळूसर. तिला वडगावची वाळू लागते आणि वर मेंढरंही लागतात, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच. सर म्हणतात, चार माद्यांवर एवढी उडी मारू नकोस, हा विषय सोड आणि जमलेलं लिहून मोकळी हो.

आबा, मागायला जीभ रेटत नाही. तिथं अजून काही जिवंत असेल तर ते फक्त तुमच्या कोपऱ्यात असेल. थंडीतल्या उन्हानं प्लॅस्टिकखाली सगळंच मरत नाही. प्लॅस्टिक काढून तिथं मेंढरं बसवता येतील का? वाफा तुडवला जाईल, यंदाची रोपं जातील, आणि गावाला कारण सांगावं लागेल, हे मला कळतं. नाही म्हणालात तरी मी तुमचीच.

प्रगती


वडगाव रासाई
१६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रगती, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं तेच उमजत नव्हतं. रोज वाफ्यापाशी जायचो, प्लॅस्टिकचं टोक धरायचो आन् सोडायचो. रोपं अशी तरारून आली व्हती. चांगुणा म्हणाली, "ती पोरगी सरांचं ऐकून मोकळी झाली तर बरं, न्हाई झाली तर काय तोंड दाखवणार तिला?" मी म्हणलं, "आन् गावाला?" ती म्हणली, "गाव रोज दिसतंय. पोरगी दिवाळीलाच येती."

मग आधी कोंडिबाकडं गेलो. म्हणलं, "कोंडिबा, कलिंगड न्हाई. माझ्या कोपऱ्यात सूत्रकृमी हाय." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या बागेच्या दहाव्याला आलोय. म्हणाला, "मला एकट्यालाच झालं, असं वाटायचं रं." मी सुईचं सगळं सांगितलं. त्याला कितपत कळलं देव जाणे, मला तरी कितपत कळलंय? पण तो माझ्याबरोबर आला आन् प्लॅस्टिकचं दुसरं टोक त्यानं धरलं. गावात व्हायचं ते झालंच. यंदा रोपं न्यायला कुणी आलं न्हाई. त्यामुळं मेंढरांनी वाफा तुडवला तरी कुणाचं काही गेलं न्हाई.

म्हाळूला आणायला मी स्वतः नदीपल्याड गेलो. तो घोंगड्यावरनं उठेना. म्हणला, "बांधावरनं हाकलताना कारण दिलं न्हाई, आता बोलवायला तरी कारण द्या." मी म्हणलं, "बाबा, आपल्या प्रगतीला एक नर पाहिजे." तो म्हणला, "व्हय की, त्याच्यासाठी तर आम्ही शर्टाला इस्त्री केली व्हती." मग त्याला सगळं बैजवार सांगितलं. डोकं खाजवत उठला. पाच मुक्काम मेंढरं बसली. त्याच्यावर मी रोज झारीनं हलकं पाणी मारलं, ओल टिकू दिली. बरोबर केलं का चूक, माहीत न्हाई.

माती धाडतोय. फक्त त्याच कोपऱ्यातली. वाळवली न्हाई, चाळली न्हाई. हात धुऊन काढली, ओल्या फडक्यात बांधली. आत एक दगड हाय, तोही काढला न्हाई, म्हणलं तुला लागत असंल.

नर असंल तर असंल. नसंल तर तू हिरमुसू नको आन् सरांवर चिडू नको.

आबा


केडगाव
२४ मार्च २०२५

ती. आबा, ती. आजी, ती. कोंडिबाबा, ती. म्हाळूमामा, सगळ्यांना नमस्कार.

मिळाला.

एकच मिळाला. बाकी सगळ्या माद्या, गोंडे मिरवणाऱ्या. मी तो काचेवर घेतला आणि सरांना हाक मारली. सर बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "शेपटी वेगळी आहे. तू लिही." एवढंच म्हणाले आणि स्वतः चहा आणायला गेले. आमचे सर कधी कुणासाठी चहा आणत नाहीत.

चित्रं काढून झाली, मोजमापं झाली, वर्णन छापायला पाठवलं. तिकडचे तपासतील, शंका काढतील, वेळ लागेल. पण काम माझ्या टेबलावर पुरं झालं. त्यात पहिलं ठिकाण म्हणून लिहिलंय: वडगाव रासाई, तालुका शिरूर, मिरचीच्या वाफ्याचा कोपरा, मेंढ्या बसवलेली वाळूसर जमीन.

नव्या जातीला नाव द्यावं लागतं. दिवाळीत मी भलतीकडंच उकरत होते, तेव्हा आजी ओरडल्या होत्या, "रोपात पाय देऊ नको, उकरायचं तर त्या कोपऱ्यात उकर!" म्हणून मी जातीला आजींचं नाव सुचवलंय, चांगुणा. छापून येईपर्यंत घरातच ठेवा. तुम्हाला वाचता यावं म्हणून वर्णनाचं मराठी करून सोबत जोडलंय. आजींना वाचून दाखवा.

प्रगती


वडगाव रासाई
३० मार्च २०२५

चि. प्रगती,

सगुणाआक्का, सारिका, जावईबापू, रुद्र, सगळी बरी असतील असं धरून चालतो. आम्ही बरे न्हाई.

तुझं पत्र आलं, मी मोठ्यानं वाचलं. नर सापडला म्हणल्यावर चांगुणेनं देवापुढं गूळ ठेवला. नावाचं वाचलं तवा ती उठून चुलीपाशी गेली आन् उगाच लाकडं मागं-पुढं केली. मला वाटलं, रडती का काय. घरात ठेवा म्हणालीस, पण तवर कोंडिबा ओसरीवर येऊन बसला व्हता, आन् त्याच्या मागनं आणखी चौघं. म्हणून मी जोडलेला कागदही सगळ्यांदेखत वाचला. मला काय माहीत आत काय हाय?

"चांगुणा. देह आखूड, किंचित वाकलेला. कातडीवर आडव्या सुरकुत्या." इथवर आलो तवा ती चुलीपासनं वळली. "ओठ मोठे, तोंडाभोवती झालर. तोंड सतत चालू." कोंडिबा खाली बघायला लागला. मला थांबायला पाहिजे व्हतं, पण एकदा वाचायला लागल्यावर मला मधी थांबता येत न्हाई. "ओल न मिळाल्यास आकसून निपचित पडते, ओल मिळताच पुन्हा हालचाल सुरू. नर अत्यंत दुर्मीळ, लहान आणि किडकिडीत. त्याची गरज असल्याचे दिसत नाही."

चांगुणा म्हणाली, "हे पोरीनं लिहिलं का तुम्ही सांगितलं?"

मी म्हणलं, "अगं, हे किड्याचं हाय."

ती म्हणाली, "वर नाव माझं हाय."

कोंडिबा म्हणाला, "वहिनी, शेवटचं वाक्य तर खरंच हाय की." आन् चप्पल हातात घेऊन पळाला.

मला खरंच कळंना झालंय बघ. तू केलेला मान मला दिसतोय. गावात लोक हसत्यात, पण येऊन कोपरा बघून जात्यात आन् कडेकडेनं चालत्यात. काल दोघंजण, पुढच्या साली मिरचीची रोपं आमच्यासाठी ठेवा, असं बोलून गेले. सगळं नीट झालंय. फक्त घरात नीट न्हाई. चांगुणा मला भाकरी देती, पण देताना म्हणती, "घ्या, गरज असल्याचे दिसत न्हाई, तरी घ्या."

तर एक काम कर. वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून धाड, की नाव तेवढं आजीचं हाय, बाकी वर्णन किड्याचं. खाली तुझी सही कर, सरांची पण घे, शिक्का असला तर मार. आन् नराबद्दल दोन शब्द बरे लिहिता आले तर बघ, पुराव्याला धरून.

लवकर लिही पोरी. मी दूधगाडीची वाट बघत फाट्यावरच बसतोय.

तुझा दुर्मीळ,
आबा